एकसष्ट नंबरची पट्टी

मी एक जुना लाकडी फळा आहे. कागदोपत्री माझे नाव 'हजेरीफलक' असे आहे, पण त्या नावाने मला कोणी कधी ओळखले नाही. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात, मोठ्या दारातून शिरले की डाव्या हाताच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या काळ्या फळ्याशी माझे काही नाते नाही बरे का. त्याच्यावर कोणीही यावे, काहीही लिहावे आणि पुसून टाकावे. माझ्यावर पुसण्यासारखे काही नव्हतेच. माझ्या अंगावर बहात्तर आडव्या खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत बोटाएवढी एक लाकडी पट्टी असायची. पट्टीवर मुलीचे नाव आणि खोलीचा नंबर. पट्टी डावीकडे सरकवली की मुलगी 'आत', उजवीकडे सरकवली की 'बाहेर'. एवढेच माझे काम. पण बहात्तर जणींचा ठावठिकाणा एका नजरेत सांगणे हे काही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे, हे मी जरा मान ताठ करूनच सांगतो.

माझा जन्म विद्यापीठाच्या सुतारशाळेत झाला. परीक्षेच्या दालनातले जुने बाक मोडीत निघाले होते. त्यांच्या फळ्या जोडून एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माझ्या पाठीवर कोणा विद्यार्थ्याने कर्कटकाच्या टोकाने कोरलेले एक सूत्र अजून आहे, आणि तेही चुकीचे. सुताराने ते रंध्याने काढले नाही. "राहू दे, पाठ कोण बघतंय," म्हणाला. मग रंगारी आला. तो जुन्या वळणाचा माणूस होता. त्याने पांढऱ्या रंगात ठसठशीत 'आंत' आणि 'बाहेर' असे लिहिले. वसतिगृहाच्या रेक्टरबाई विद्यापीठात व्याकरण शिकवत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि चष्मा काढला.

"अहो, हे टिंब खरवडा आधी. माझ्या मुलींना आत यायचंय, आतड्यात नाही."

रंगाऱ्याने बिचाऱ्याने पात्याने टिंब काढले. तिथे अजून एक फिकट डाग आहे. नीट पाहिलेत तर दिसेल.

मला भिंतीवर टांगले त्या दिवशी बाईंनी सगळ्या मुलींना समोर उभे करून एकच नियम सांगितला. आपली पट्टी आपल्याच हाताने सरकवायची. मैत्रिणीची नाही, सख्ख्या बहिणीची नाही, कोणी कितीही घाईत असो, तिचीही नाही. "फळा चुकीचं बोलला तर मी कोणाला शोधू आणि कुठे शोधू?" असे त्या म्हणाल्या. मला फार बरे वाटले. आपल्या शब्दाला किंमत आहे हे कळले की लाकूडसुद्धा फुगते.

वसतिगृहाला तीन मजले होते आणि दर मजल्यावर चोवीस खोल्या. मजल्यावरच्या मोठ्या मुलींपैकी एकीला बाई त्या मजल्याची प्रमुख नेमत. तिच्या छातीवर पितळी बिल्ला असे आणि कमरेला जादा किल्ल्यांचा जुडगा. मुली तिला 'मजलाताई' म्हणत. न्हाणीघरावरून जुंपलेली भांडणे मिटवायची, ताप आलेल्या मुलीला डॉक्टरांकडे न्यायचे, निकालाच्या दिवशी कोण जेवायला आले नाही ते बघायचे, हे सगळे तिच्या गळ्यात. आणि रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी. तिघी मजलाताया माझ्यासमोर ओळीने उभ्या राहत आणि आपापला आकडा वहीत लिहीत. बाईंची नजर वहीवरून माझ्यावर आणि माझ्यावरून वहीवर फिरे. दोन्ही जुळले की बाई सही करत.

ती वर्षे माझ्या सुखाची होती. सकाळी आठ वाजता माझ्यावर नुसती खटखट चाले. शाईने माखलेली बोटे, नुकतेच कपडे धुऊन गार पडलेले हात, एका हातात पुस्तके सावरत दुसऱ्या हाताच्या कोपराने पट्टी ढकलणारी एखादी आळशी. मी हातांवरून मुली ओळखत असे. एकदा दुसऱ्या विद्यापीठाची पाहुणे मंडळी आली, त्यांनी माझी मापे घेतली आणि तोंड भरून कौतुक केले. शेजारचा सूचनाफलक त्या दिवशी माझ्यावर जळत होता. त्याच्या अंगात सदा टाचण्या, त्याला कौतुक कुठले ठाऊक असणार!

पण मित्रांनो, आज मी तुम्हाला सांगणार आहे ते एका चुकीबद्दल. ती चूक माझ्या अंगावर घडली आणि त्यात माझाही वाटा होता.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्याची मजलाताई संख्याशास्त्र शिकत होती. मोठी चटपटीत पोर. कामाला वाघीण, मनाने मऊ, पण आकडा जुळला नाही की तिचा जीव खालीवर व्हायचा. आणि आकडा जुळायचा नाही, कारण मुली पट्टी सरकवायला विसरायच्या. बिचारी दोनदोनदा तीन जिने चढून खात्री करून यायची. शेवटी तिने एक युक्ती काढली. मुली खोलीच्या दाराबाहेर चपला काढून ठेवत. चपला दाराशी असल्या की मुलगी आत. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून एक नजर फिरवली की चोवीस दारे मोजून व्हायची. मग ती खाली येऊन विसराळू मुलींच्या पट्ट्या स्वतःच 'आत' सरकवायची. खट्, खट्, झाले. वही आणि मी अगदी जुळायचो.

बाईंना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. खरे सांगतो, मलाही ते आवडू लागले होते. सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या की मी कसा देखणा दिसायचो!

त्याच वर्षी एकसष्ट नंबरच्या खोलीत एक नवी मुलगी आली होती. ती फारशी बोलत नसे, म्हणून मुलींनी तिचे नाव 'कुलूप' ठेवले. थट्टेतच ठेवले, पण ते तिला चिकटले आणि तिचे खरे नाव फक्त माझ्या अंगावर उरले. ती चौदा माणसांच्या घरातून आली होती. काका, काकू, आत्या, लहान भावंडे, दिवसभर कोणी ना कोणी हाका मारणारे. इथे खोलीत ती एकटी. फोन माझ्या बाजूलाच कार्यालयाच्या खिडकीत असायचा, म्हणून तिचे आईशी बोलणे माझ्या कानावर पडायचे. एकदा ती म्हणाली, "सगळं चांगलं आहे गं. जेवण पण चांगलं असतं. पण वाढताना कोणी 'अजून घे' म्हणत नाही."

फोन ठेवला की ती माझ्यासमोर येऊन उभी राही. आपली पट्टी दोन बोटांत धरून आत नाही आणि बाहेर नाही, अशी मधोमध ठेवून बघत बसे. मला मधले ठिकाण दाखवता येत नाही. त्याचे मला तेव्हा फार वाईट वाटे.

एका शुक्रवारी दुपारी ती खांद्याला पिशवी अडकवून खाली आली. पायात नवे बूट होते. तिने पट्टी उजवीकडे, अगदी टोकापर्यंत सरकवली आणि ती गेली. संध्याकाळी मजलाताईने जिन्याच्या तोंडाशी उभे राहून पाहिले, तर एकसष्टच्या दाराशी निळ्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. खाली येऊन ती हसली. "आमचं कुलूप विसरलं वाटतं," म्हणाली आणि तिने पट्टी आत सरकवली. त्या क्षणी मी काय करायला हवे होते? पट्टी खाचेत अडकवून ठेवायला हवी होती. पण मी गुळगुळीत लाकूड, पट्टी लोण्यासारखी सरकली. शनिवारी तर काही करावेच लागले नाही. पट्टी आत होती, चपला दाराशी होत्या. तिसरा मजला, चोवीस आत. बाईंनी सही केली.

रविवारी दुपारी ती मुलगी वडिलांचा हात धरून दारात उभी राहिली.

वडील साधे, भिडस्त गृहस्थ होते. मुलगी न सांगता निघून आली म्हणून बाईंचे पाय धरायला आल्यासारखे ओशाळून उभे होते. बाई कार्यालयातून बाहेर येताच त्यांनी हात जोडले.

"माफी मागायला आलोय बाई. शुक्रवारी पोरगी न विचारता घरी आली. सुट्टी आहे म्हणाली, आम्हीही विश्वास ठेवला. तुमच्या जिवाला किती घोर लागला असेल!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मग वडिलांनी पाहिले आणि मग मुलीने. एकसष्ट नंबरची पट्टी आत होती.

"अगं, इथे तर तू आत आहेस," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना समजतच नव्हते. समजले तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "म्हणजे दोन दिवस माझी पोर इथे नव्हती आणि तुम्हाला पत्ताच नाही? वाटेत तिचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

मजलाताईला खाली बोलावले. ती आली, तिने आधी मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने सारवासारव केली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगेन. "मी सरकवली, बाई. चपला दिसल्या म्हणून," असे ती सरळ म्हणाली.

मुलगी इतके दिवस बोलली नव्हती तेवढे एका दमात बोलली. "मला वाटलं, सात वाजता हजेरी होईल आणि इथून फोन येईल. कोणीतरी विचारेल, कुठे आहे म्हणून. शुक्रवारी मी फोनपाशीच बसले होते. शनिवारी पण. आई म्हणाली, जेवायला चल. म्हटलं, थांब जरा."

"अगं कु..." मजलाताई पुढे झाली आणि थांबली. टोपणनाव तिच्या जिभेवर आले होते. तिला खरे नाव आठवेना. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि पट्टीवरून नाव वाचून तिला हाक मारली. सगळ्यांना ते दिसले. मुलीलाही दिसले.

वडिलांनी मुलीला घरी परत न्यायचे ठरवले. त्यांनी ट्रंक खाली आणली. आमच्याकडे कायमची जाणारी मुलगी आपली पट्टी खाचेतून काढून बरोबर नेत असे. बाईंनी हलकेच विचारले, "पट्टी काढून देऊ का?" मुलीने आपल्या हाताने पट्टी बाहेर सरकवली. "राहू दे," म्हणाली आणि वडिलांच्या मागोमाग पायऱ्या उतरली.

त्या संध्याकाळी बाईंनी मजलाताईपुढे हात केला. "बिल्ला दे. नियम मी केलाय. तू माझी लाडकी आहेस, म्हणून तर वाकवता येणार नाही."

मजलाताईने बिल्ला काढून दिला. "बाई, पण तिने पट्टी नेली नाही."

"नेली नाही खरं. पण खोली पंधरा दिवस रिकामी राहिली की यादीतल्या पुढच्या मुलीला द्यावी लागते. तो नियम माझा नाही, कार्यालयाचा आहे."

"मग पंधरा दिवस हजेरी मला घेऊ द्या. बिल्ला नको. मला फक्त दारं वाजवायचीत."

आणि तिने दारे वाजवली. आता ती जिन्याच्या तोंडाशी थांबत नसे. एकोणपन्नासपासून बहात्तरपर्यंत प्रत्येक दार वाजवायची, दार उघडेपर्यंत उभी राहायची, मुलीला तिच्या नावाने हाक मारायची. एकसष्टचे दारही वाजवायची. आमची इमारत जुनी, वरचा आवाज जिन्यातून थेट माझ्यापर्यंत पोचे. रिकाम्या खोलीचे दार वाजले की त्याचा आवाज वेगळा येतो, पोकळ. तो ऐकला की मला माझ्या खाचेतली ती पट्टी फार जड वाटायची.

मग ती खाली येऊन फोन लावायची. पहिल्या दिवशी मुलीच्या आईने फोन उचलला.

"काकू, मी वसतिगृहातून बोलतेय. नाही, तिला बोलावू नका. फक्त एवढं सांगा, आज एकसष्टचं दार वाजवलं, आत कोणी नव्हतं."

रोज तोच निरोप. मुलगी फोनवर यायची नाही. पाचव्या दिवशी आईनेच 'तू जेवलीस का' असे विचारले असावे, कारण मजलाताई म्हणाली, "हो काकू, जेवले." आणि पदराने डोळे पुसावेत तशी तिने ओढणी डोळ्यांना लावली. नवव्या दिवशी साठ नंबरची मुलगी मागोमाग खाली आली आणि तिने रिसिव्हर जवळजवळ हिसकावूनच घेतला. "काकू, तिला सांगा, तिच्या चपला मी माझ्या खोलीत नेऊन ठेवल्यात. धुळीने भरल्या होत्या, पुसल्या. आणि सांगा, तिला कुलूप मीच म्हणायला लागले होते." बाराव्या दिवशी पलीकडून कोणीतरी फोन घेतला आणि काहीच बोलले नाही. मजलाताई ओळखून चुकली. ती त्या मुकाट श्वासाला पाच मिनिटे मजल्यावरच्या बातम्या सांगत राहिली. कोणता नळ गळतो, कोण झोपेत बडबडते, कोणाचा निबंध परत आला. चौदाव्या दिवशी पलीकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, पण फोन कोणीच उचलला नाही.

मित्रांनो, वाट बघणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. एरवी मी कोणाचीच वाट बघत नसे. आल्या तर आत, गेल्या तर बाहेर, माझा संबंध एवढाच. पण त्या दिवशी दार वाजले की मला वाटे, तीच असेल. यायची एखादी दुसरीच, आणि आपली पट्टी सरकवून जायची.

पंधराव्या दिवशी दुपारी कार्यालयातला कारकून नवी पट्टी घेऊन आला. तिच्यावर दुसऱ्याच मुलीचे नाव होते, रंग अजून ओला होता. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे दिवस सातच्या हजेरीला संपतो. त्यानंतर बसवा." कारकून वैतागला, पण बाईंपुढे कोणाचे चालत नसे. पट्टी खिडकीत वाळत ठेवून तो आत चहा घ्यायला गेला.

साडेसहाच्या सुमारास ती आली. एकटीच होती, खांद्याला तीच पिशवी. दारापाशी चिटपाखरू नव्हते. ती माझ्यासमोर उभी राहिली, तिने हात उचलला. मला वाटले, आता पट्टी सरकणार! पण तिने हात खाली घेतला, पायांतले बूट काढून हातात घेतले आणि आवाज न करता जिना चढून वर गेली. पट्टी तशीच 'बाहेर' राहिली.

सात वाजले. वर हजेरी सुरू झाली. एकोणपन्नास. पन्नास. मी एकेक दार मोजत होतो. सत्तावन्न, अठ्ठावन्न. खाली बाई वही उघडून माझ्यापुढे उभ्या होत्या, कारकून नवी पट्टी हातात घेऊन त्यांच्यामागे. एकोणसाठ. साठ. मग एकसष्टचे दार वाजले, आणि आज तो आवाज पोकळ नव्हता.

आतून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण बासष्टचे दार त्या दिवशी वाजलेच नाही.

बऱ्याच वेळाने दोघी जिना उतरून खाली आल्या. कोण कोणाला धरून चालत होते ते सांगणे कठीण होते. मजलाताई तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होती, पुन्हा पुन्हा, उगीचच, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मुलीने आपली पट्टी आपल्या हाताने आत सरकवली. कारकुनाने नवी पट्टी मुकाट्याने खिशात घातली. बाईंनी सही केली तेव्हा शाईचा थेंब वहीवर पडला, की आणखी कशाचा, ते मी सांगणार नाही.

अर्धा तास मी चुकीचे बोलत होतो. ती आत होती आणि मी बाहेर म्हणत होतो. खरे बोलण्याचा मला केवढा अभिमान, पण त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटत नाही.

मजलाताईला बिल्ला परत मिळाला नाही. तिने मागितला नाही आणि बाईंनी दिला नाही. पुढे यथावकाश दोघीही शिकून गेल्या आणि जाताना आपापली पट्टी घेऊन गेल्या. एकसष्टच्या मुलीने जाताना माझ्या रिकाम्या खाचेवरून एकदा बोट फिरवले. बाईही निवृत्त झाल्या. मग एक दिवस माझ्या शेजारी एक छोटे यंत्र बसले. मुली त्यावर अंगठा ठेवतात, हिरवा दिवा लागतो, आकडा आपोआप जुळतो. उरलेल्या पट्ट्या कुठे गेल्या मला माहीत नाही. आता माझ्या बहात्तर खाचांत धूळ असते, आणि कधी एखादी मुलगी ओली छत्री माझ्या खिळ्याला अडकवून जाते. यंत्राचा मला राग नाही. ते माझ्यापेक्षा हुशार आहे. पण मला हात आठवतात. शाईचे, गार पडलेले, घाईतले. सात वाजले की मी अजून वरच्या जिन्याकडे कान देतो, आणि वर काही वाजत नाही.

मित्रांनो, मला नवा रंग द्या असे माझे म्हणणे नाही. मला उतरवून माळ्यावर टाकले तरी चालेल. फक्त एक करा. तुमच्याही शेजारी कोणी एकटे राहत असेल, त्याच्या दाराबाहेर चपला दिसत असतील, यादीत त्याचे नाव बरोबर लागत असेल. तरी एकदा दार वाजवा. त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या दाराकडे जाऊ नका.